नारळावरचा हात

माझा मोठा भाऊ लहानपणी भयंकर हट्टी होता. बाबा गिरणीच्या दुकानातून स्वस्तात कापड आणायचे आणि त्या एकाच ताग्यातून घरातल्या सगळ्यांचे कपडे शिवले जायचे. एका गणपतीला हिरव्या चौकटीचं कापड आलं. दादाला ते आवडलं नाही. त्याने तो शर्ट घातला नाही तो नाहीच. आईने मारलं, समजावलं, पुन्हा मारलं. सणाचे सगळे दिवस तो जुना, कोपरावर विरलेला शर्ट घालून आरतीला उभा राहिला. चाळीतल्या बायका आईला म्हणायच्या, "तुझा मुलगा कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही." आई वरवर कपाळाला हात लावायची, पण तिला त्याचं कौतुकच होतं.

आम्ही लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. बाबा कापडगिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, विणकर होते. मॅट्रिकनंतर दादाही त्याच गिरणीत बदली कामगार म्हणून लागला. काम मिळेल त्या दिवशी गिरणीत, नाही मिळालं तर परळच्या कामगार कल्याण केंद्रात नाटकाच्या तालमीला. तो एकांकिका लिहायचा आणि त्यांत कामही करायचा.

त्याची एक एकांकिका मला अजून चांगली आठवते. एक शहर असतं. तिथे रोज सकाळी सरकारी कचेरीतून प्रत्येकाला एक वाक्य मिळतं आणि दिवसभर तेवढंच बोलायचं असतं. बाजारात, घरात, तिरडीपुढेही तेच. हळूहळू लोकांना दुसरं काही सुचेनासं होतं, आणि वाक्य मिळालं नाही तर ते घाबरून कचेरीपुढे रांग लावतात. त्यातला एक माणूस चौकात उभा राहतो आणि मिळालेलं वाक्य बोलत नाही. काहीच बोलत नाही. दादा रंगमंचावर तसाच गप्प उभा राहिला आणि सगळा हॉल त्याच्याबरोबर गप्प झाला. मग टाळ्या पडल्या.

घरी आल्यावर बाबा चहा पिताना म्हणाले, "नाटक बरा होता. पण खंयच्या गावात असा असता? माणसा अशी कशी ऐकतली?"

"ऐकायला लावणारा असला की ऐकतात, बाबा," दादा म्हणाला.

"मी नाय ऐकूचंय."

"तुम्ही नाही ऐकणार," दादा हसून म्हणाला. "मी पण नाही."

त्यानंतर गिरण्यांचा संप सुरू झाला.

पहिले काही महिने लालबाग-परळमध्ये सण असल्यासारखं वातावरण होतं, हे आज कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. सभा, मोर्चे, कोपऱ्याकोपऱ्यावर चर्चा. बाबा प्रत्येक सभेला जायचे. घरी येऊन आईला सगळं भाषण सांगायचे. संप त्यांना मनापासून पटला होता. पगार थांबल्यावर त्यांनी आपणहून विडी सोडली. माझ्या कॉलेजला मात्र हात लावू दिला नाही. मी दादरला कॉलेजात होते आणि संध्याकाळी मुलांच्या शिकवण्या घ्यायचे. आई पोळीभाजीचे डबे करून द्यायची. शेजारची घरं एकेक करून कोकणात गेली. कोणी भावाकडे गेलं, कोणी सासुरवाडीला.

संप लांबला आणि आमच्या गल्लीत भाई उभा राहिला. तो ना कुठल्या युनियनचा होता, ना कुठल्या पक्षाचा. गल्लीतल्या व्यायामशाळेत तो पोरांना मल्लखांब शिकवायचा. आवाज मऊ, अंगात नेहमी पांढरा सदरा. कुठून तरी त्याने तांदळाची पोती आणली आणि संपकऱ्यांच्या घरी वाटली. ज्या दिवशी आमच्या डब्यात तांदूळ नव्हते त्या दिवशी ते आले. आईने त्या पोत्याला हात जोडले. ते पोतं खांद्यावरून वर आणणारा दादाच होता. भाईने त्याला जबाबदारी दिली होती. काम नसलेल्या, घरात बसून बसून चिडचिड्या झालेल्या मुलाला कोणीतरी सांगितलं होतं की हे तू कर. कितीतरी दिवसांनी तो घरी शीळ वाजवत आला होता.

पुढे काय झालं ते एकदम झालं नाही. आधी भाईची मुलं सांगून गेली की तांदूळ घेणाऱ्यांनी कोपऱ्यावरच्या ठराविक दुकानातूनच तेल-मीठ घ्यायचं. मग सांगितलं की संध्याकाळी भाई व्यायामशाळेपुढे बसतात तेव्हा प्रत्येक घरातलं एक माणूस तिथे हजर पाहिजे. कामावर जाणाऱ्याच्या घरी कोणी जायचं-यायचं नाही, हेही असंच एकदा सांगितलं गेलं. आमच्या चाळीत दिवसा दारं कधी लावलेली नसायची. एका खोलीतली फोडणी दुसऱ्या खोलीत कळायची. आता भाईची माणसं गॅलरीतून फिरायला लागली तशी दारं लागू लागली. दारं लावा असं कोणी म्हटलं नव्हतं. पुढे पुढे तर काय करायचं हे सांगावंही लागत नसे. भाईंना काय आवडेल याचा अंदाज घेऊन लोक आधीच ते करून मोकळे व्हायचे.

आमच्या समोरच्या खोलीत एक काका-काकू राहायचे. काकूंची सासू अंथरुणाला खिळलेली होती, तिच्या औषधासाठी काका लपूनछपून गिरणीत जायला लागले. चाळीत काय लपतं? भाईचा निरोप आला की त्या घराला नळावर पाणी नाही.

तळमजल्यावर सगळ्यांचा मिळून एक नळ होता. सकाळी थोडा वेळ पाणी यायचं. त्या दिवशी दादाला तिथे उभं केलं होतं. काकू कळशी घेऊन रांगेत आल्या, तशी त्यांच्या पुढची बाई पुढे सरकली आणि मागची बाई मागे. त्यांच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहिली. याच काकूंनी दादाच्या गोवरात रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसून कडुनिंबाच्या पाल्याने वारा घातला होता. नळापाशी पोचल्यावर दादा म्हणाला, "काकू, तुम्हाला नाही."

"अरे, आत्येला पुसायला तरी—" त्या सासूला आत्ये म्हणायच्या.

"तुम्हाला नाही."

बाबा आमच्या हंड्याशी उभे होते. त्यांनी काकूंच्या हातातली कळशी घेतली, आमच्या पाळीच्या पाण्याने भरली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

दादा म्हणाला, "बाबा, ती ओता."

"ह्या कोणी सांगितल्यान?"

"भाईंनी."

"भाईंनी सांगितल्यान ता माका कळला. तुका काय वाटता?"

दादाने बाबांकडे पाहिलं. मी जवळच बादली घेऊन उभी होते, मला त्याचा चेहरा नीट दिसत होता. मला वाटलं होतं, तो चिडेल. नाटकातल्यासारखं काहीतरी बोलेल. पण तो गोंधळला होता. अवघड प्रश्न पडलेल्या मुलासारखा थोडा वेळ विचार करत राहिला आणि म्हणाला, "माझं काय वाटायचंय त्यात?"

मग त्याने वाकून कळशी उचलली आणि गटारात ओतली. सावकाश, अंगावर शिंतोडे उडू न देता.

काकूंच्या सासूबाई त्याच महिन्यात गेल्या. तिरडीला खांदा द्यायला बाबा गेले आणि काकांचे मेहुणे शीवहून आले. चाळीतले बाकीचे गॅलरीतून बघत होते. काही दिवसांनी काका-काकू खोली सोडून गेले. कुठे गेले ते कोणी विचारलं नाही.

बाबा त्यानंतर घरात फारसं बोलत नसत. एकदा मात्र जेवताना ते दादाला म्हणाले, "झिला, तू त्येच्याकडे जाव नको. आपण उपाशी रवू."

दादा म्हणाला, "असं कसं? भाईंना काय वाटेल?"

त्याच सुमारास गिरण्यांची फाटकं थोडी थोडी उघडायला लागली होती. गाड्या भरभरून माणसं आत नेली जात होती, आणि संपाला कंटाळलेले, मोडलेले कामगार एकेक करून परत जात होते. भाईने ठरवलं की आमच्या गल्लीतल्या प्रत्येक कामगाराने देवासमोर नारळावर हात ठेवून शपथ घ्यायची, मी कामावर जाणार नाही. एका रविवारी सकाळी चाळीच्या चौकातल्या मारुतीपुढे सगळे जमले. पाटावर नारळ ठेवला होता. भाई बाजूला खुर्चीवर बसला होता. एकेक जण पुढे जाऊन नारळावर हात ठेवत होता, दादा शपथ सांगत होता, तो मागून म्हणत होता आणि भाईच्या पाया पडून बाजूला होत होता. पाया पडा असं कोणी सांगितलं नव्हतं. पहिला पडला म्हणून सगळे पडले.

बाबांची पाळी आली. ते पुढे गेले आणि पाटापाशी उभे राहिले.

"काका, हात ठेवा," कोणीतरी म्हणालं.

"मी कामार जावचंय नाय," बाबा म्हणाले. "पयल्या दिसापासून मी संपार आसंय, आणि शेवटपर्यंत रवतलंय. ह्या मी माझ्या तोंडान सांगतंय. पण तुमच्या सांगण्यार मी नारळार हात ठेवचंय नाय."

भाईला राग आला नाही. तो हसला. "काका, जाणारच नाही म्हणता, मग अडलंय कुठे? ठेवा ना हात."

"संप माझो आसा. मी माझ्या मनान केलंय. तो मी तुमका कित्याक देव?"

वरच्या गॅलरीत बायका उभ्या होत्या, आईने माझं मनगट घट्ट धरलं होतं. मला वाटतं, त्या क्षणी तिथल्या एकाने जरी म्हटलं असतं की जाऊ द्या, म्हातारा माणूस आहे, तरी भाईने जाऊ दिलं असतं. कोणी म्हटलं नाही. भाईने दादाकडे पाहिलं. "तुझे वडील आहेत. तूच बघ."

दादा पुढे आला. त्याने बाबांचा उजवा हात धरला. बाबांनी मूठ आवळली. त्यांनी हात ओढून घेतला नाही, झटापट केली नाही. फक्त मूठ आवळून धरली आणि ते दादाच्या तोंडाकडे बघत राहिले. दादा त्यांची बोटं उघडायला लागला. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं. साच्यावर तुटलेले धागे जोडून जोडून बाबांची बोटं चिवट झाली होती, सहज उघडत नव्हती. दादा घाई करत नव्हता. सुतळीची गाठ सोडवावी तसं त्याचं लक्ष बोटांकडे होतं. चेहऱ्यावर राग नव्हता, लाज नव्हती, दुःखही नव्हतं. मी ते काही सापडेल म्हणून शोधत होते. आईने "अरे, बापूस आसा तुझो!" म्हणून वरून हंबरडा फोडला, तेव्हाही त्याने मान वर केली नाही.

शेवटी तळवा उघडला. त्याने तो नारळावर दाबून धरला आणि बाबांच्या वतीने शपथ स्वतःच म्हटली.

"झालं," भाई म्हणाला. "पुढचा."

बाबा वर आले. मोरीत जाऊन त्यांनी हात धुतला आणि कितीतरी वेळ तांब्याने हातावर पाणी ओतत राहिले. मी आत जाऊन तांब्या काढून घेतला. दुसऱ्या दिवशी ते कोकणात आमच्या गावी गेले. माझी परीक्षा झाली तशी आईही गेली.

खोलीत मी आणि दादा राहिलो. एकदा मी त्याला विचारलंच. "दादा, त्या दिवशी तुला काहीच कसं वाटलं नाही?"

तो भाकरी मोडत होता. म्हणाला, "बाय, पहिल्यांदा वाटायचं. त्या काकूंच्या वेळी वाटलं होतं. पण वाटलं की दोन्हीकडून त्रास होतो. करायचं तर असतंच. मग वाटून कशाला घ्यायचं?"

"नाही म्हणायचं."

"आणि मग काय करायचं? गिरणी नाही, नाटक नाही. नाही म्हणून घरी येऊन काय करायचं?" भाकरीचा तुकडा बुडवत तो म्हणाला, "तिथे गेलं की बरं असतं. विचार करायला लागत नाही."

मी त्याच्या एकांकिकांच्या वह्या पुढे केल्या, म्हटलं लिही काहीतरी. त्याने एक वही उघडली, वाचली, आणि दुसऱ्या कोणाची असावी तशी परत माझ्या हातात दिली.

संप कोणी मागे घेतला नाही. तो विरून गेला. गिरण्या काही चालल्या, काही नाही, पुढे सगळ्याच बंद पडत गेल्या. बाबा गावी नाचणी पेरत राहिले आणि गिरणीत परत गेले नाहीत. भाईला आता संपाचं काही पडलं नव्हतं. तो जागांच्या व्यवहारात उतरला होता. चाळींतल्या लोकांना खोल्या सोडायला लावायचं काम त्याच्याकडे आलं आणि ते दादा करायचा. ज्यांच्या दारात त्याने तांदूळ उतरवला होता, त्यांच्याच दारात जाऊन उभा राहायचा.

भाईने सांगितलं म्हणून दादाने लग्न केलं. मुलगी भाईनेच आणली होती, साताऱ्याकडची, साधी. ती वर्षभरही राहिली नाही. जाताना माझ्याकडे आली. तोवर मला गिरगावात शाळेत नोकरी लागली होती आणि मी दादरला दोन खोल्यांत राहत होते. ती म्हणाली, "ताई, ते मारत नाहीत, दारू पीत नाहीत. काल मी त्यांना विचारलं, मी राहू का जाऊ? तर म्हणाले, भाईंना विचारून सांगतो." ती रडत नव्हती. तिने माझ्याकडे चहा घेतला आणि सोबत भाऊ आला होता त्याच्याबरोबर निघून गेली.

दादा गावी एकदाच गेला. भाईचं रत्नागिरीकडे काही काम होतं, गाडी आमच्या गावावरून जाणार होती. मी तेव्हा सुट्टीत तिथेच होते. अंगणात गाडी थांबली, दादा उतरला, सोबतचा माणूस स्टिअरिंगवरच बसून राहिला. आईने दादाच्या तोंडावरून हात फिरवला. बाबा ओटीवर होते. नारळाच्या त्या दिवसापासून ते त्याच्याशी बोलले नव्हते. त्यांनी बराच वेळ त्याला न्याहाळलं आणि विचारलं, "रवतंस मां आज? तांबोशी मासळी आणलंय."

दादाने मान वळवून गाडीतल्या माणसाकडे पाहिलं.

बाबांनी ते पाहिलं. "जा मगे," ते म्हणाले आणि उठून आत गेले. त्यांची ती शेवटची भेट. पुढच्या पावसाळ्यात बाबा गेले. दादाला कळवलं होतं, पण भाईने त्याला कुठे तरी पाठवलं होतं आणि तो काम अर्धं टाकून आला नाही. अग्नी चुलतभावाने दिला.

भाईला माझगावजवळ त्याच्या गाडीतच गोळ्या घातल्या. कोणी, कशासाठी, ते आम्हाला कधी कळलं नाही. मला बातमी कळली तेव्हा, खरं सांगायचं तर, मला आनंद झाला. वाटलं, आता दादा सुटला. मी लालबागला धावत गेले. खोलीचं दार उघडं होतं. तो बाजेवर बसला होता, अंघोळ नाही, दाढी नाही. भाईची बाकीची माणसं पांगली होती. त्याला कोणी बोलवायला आलं नव्हतं.

"जेवलास?" मी विचारलं.

"नाही."

"का?"

"कोणी काही बोललंच नाही," तो म्हणाला.

मी त्याला माझ्याकडे आणलं. वाटलं होतं, वेळ लागेल, पण माणूस परत येईल. मी त्याला नाटकाला नेलं. मध्यंतरात विचारलं, कसं वाटतंय? म्हणाला, चांगलं असेल. मी त्याच्यापुढे दोन शर्ट ठेवायचे, तो मी आत जाऊन बाहेर येईपर्यंत त्यांच्याकडे बघत उभा असायचा. रागावून मी एकदा म्हटलं, "मी सांगणार नाही. आज तू ठरव." शाळेतून परत आले तर तो बनियनवरच होता, दोन्ही शर्ट तसेच. तेव्हापासून मी सांगायला लागले. हा घाल. जेव. फिरून ये. मी सांगितलं की त्याचा चेहरा सैल पडायचा, आणि ते मला सहन व्हायचं नाही. मी बाहेर जाऊन उभी राहायचे.

पुढे त्याला पहारेकऱ्याची नोकरी लागली. गिरणीच्या जागेवर झालेल्या एका टॉवरच्या गेटवर. ती त्याला जमली. कोणाला आत सोडायचं, कोणाला नाही, हे वरून फोनवर सांगत. सुपरवायझर मला म्हणाला, "तुमच्या भावासारखी माणसं मिळत नाहीत, मॅडम. एक शब्द उलट नाही."

गेल्या वर्षी साखरेच्या आजाराने त्याच्या पायाला जखम झाली आणि ती चिघळली. परळच्या इस्पितळात तरुण डॉक्टर होती. तिने त्याच्यापुढे बसून नीट समजावलं. अंगठा आणि शेजारची बोटं आता काढली तर बाकीचा पाय वाचेल. औषधावर थांबून बघता येईल, पण धोका आहे. "काका, तुम्ही ठरवा. काय करूया?"

"तुम्ही सांगाल तसं," दादा म्हणाला.

"असं नाही. पाय तुमचा आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. तीच गोंधळलेली नजर. डॉक्टरही माझ्याकडे बघायला लागली. मी एकदा त्याचं नाव घेऊन म्हटलं, "तू सांग ना रे. फक्त एवढंच सांग." त्याने तोंड उघडलं, ओठ हलले. मग तो म्हणाला, "बाय, उशीर होतोय त्यांना. तू सांग."

मी सांगितलं, काढा.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या खाटेशी बसले होते. पायाला जाड पट्टी होती. त्याच्या कपाळावर घाम होता आणि त्याने चादर मुठीत धरली होती. नर्स इंजेक्शनांचा ट्रे घेऊन आली आणि विचारलं, "दुखतंय का काका?"

तो माझ्याकडे वळला. हळू आवाजात, नर्सला ऐकू जाऊ नये असं, त्याने मला विचारलं, "दुखतंय म्हणून सांगू काय गो?"

"दुखत असलं तर सांग," मी म्हटलं.

तो छताकडे बघत विचार करायला लागला. नर्स थोडा वेळ थांबली. मग पुढच्या खाटेवरच्या माणसाने तिला हाक मारली आणि ती तिकडे गेली.